तांब्याचं विरजण

पांढुर्ण्याच्या सराफ्यात नलिनीबाईचं दुकान शोधायचं असेल तर पाटी वाचू नका. पाटीवर नाव मोरेश्वरभाऊंचं आहे. मोरेश्वरभाऊ म्हणजे तिचे यजमान. गडी देवमाणूस, पण हातात कारागिरी म्हणाल तर नखभर नाही. ते गादीवर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याची खुशाली पुसतात, संत्र्याच्या बहाराची चौकशी करतात आणि चहा सांगतात. आत भट्टीपुढे पाटावर बसते ती नलिनीबाई. साठीला टेकली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि जीभ अशी की सोनाराचं तेजाब, म्हणजे ॲसिड, परवडलं. तरी बाया तिच्याकडेच येतात. लोधीखेड्याहून येतात, मोहगावहून येतात, जामसावळीच्या मारोतीला गेलेल्या वाट वाकडी करून येतात. कारण एकच. नलिनीबाईच्या कसोटीच्या दगडानं जे सांगितलं, ते ती सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, जसंच्या तसं सांगते. मग कोणाला राग येवो की लोभ.

वस्तू हातात आली की ती आधी डोळे मिटते आणि तळहातावर नुसती तोलते. नवीन गिऱ्हाईक असलं की पदराआड हसते, म्हणते म्हातारी ढोंग करून राहिली. ढोंग नाही बाप्पा! ही विद्या सौंसरची आहे, तिच्या बापाच्या घरची.

बापाचं नाव दादाजी. सौंसरच्या बाजाराला लागून त्यांचं बसायचं ठिकाण होतं. घरात लेक एकच, नली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दादाजी तिला डोळे मिटायला लावत आणि हातावर एकेक वस्तू ठेवून म्हणत, "सांग." सोनं दिसायला एवढंसं, पण हाताला खाली ओढते. चांदी अंगाची ऊब पिऊन घेते, म्हणून आधी गार लागते. पितळ बोटांत रगडलं की वास सोडते. गिलट चांदीपेक्षा जास्त चमकून दाखवते, पण त्यात चांदी औषधालाही नसते, सगळा तांब्याजस्ताचा आणि निकेलचा कारभार. शेजारपाजारचे म्हणत, "पोरीले काय शिकवून राहिला दादाजी? उद्या परक्याच्या घरी जाईन." दादाजी म्हणत, "जाईन तं संगं घेऊन जाईन. विद्येले काय बैलगाडी लागते?"

आणि तांबं? तांब्याची गोष्ट दादाजी शेवटी सांगत. "तांब्याले कोणी पुसत नाही, नली. पण त्याच्याबिगर सोनाराचं पान हालत नाही. निव्वळ सोनं म्हणजे लाडावलेलं पोट्टं. दिसाले गोड, पण ओझं काही उचलत नाही."

हे अगदी खरं आहे. हल्ली जिकडेतिकडे 'शुद्ध, शुद्ध' म्हणून बोंबा मारतात ना, त्यांना म्हणावं, करा शुद्ध सोन्याची बांगडी आणि घाला हातात. भाकर थापता थापता चपटी नाही झाली तर नाव बदला.

नली लग्न होऊन पांढुर्ण्याला आली आणि नलिनीबाई झाली. मोरेश्वरभाऊंच्या हातून चार वस्तू बिघडलेल्या पाहिल्या आणि पाचव्या वेळी तिनं त्यांच्या हातातून फुंकणी काढून घेतली. सराफ्याच्या ओळीत हसू झालं. "बाई भट्टीवर बसली!" हसले ते हसले, नंतर त्यांच्याच घरची मोडतोड तिच्याकडे दुरुस्तीला यायला लागली. मोरेश्वरभाऊंना त्याचं वाईट वाटलं का? बिलकुल नाही. त्यांनी त्या दिवशी सगळ्या ओळीला चहा पाजला.

पण सगळं सांगायचा नियम तिनं पहिल्यापासून केला नव्हता. तो नियम कलाबाईमुळे आला. मोहगावची कलाबाई, नुकती सासरी आलेली, पायातले तोडे उजळायला घेऊन आली होती. माहेरचे, आईनं दिलेले, म्हणून हजारदा सांगत होती. नलिनीबाईनं हातात घेतले आणि ओळखलं, गिलट. पोरीच्या तोंडावरचा आनंद पाहून तिची जीभ उचलली नाही. तोडे उजळून दिले, गप्प बसली. पुढे कलाबाईच्या घरी अडचण आली, ती तेच तोडे घेऊन दुसऱ्या गावी मोडायला गेली, आणि तिथं भर दुकानात तिला चोरासारखं वागवलं. "चांदी म्हणून गिलट खपवाले आली का?" कलाबाई रडत नलिनीबाईकडे आली आणि एवढंच बोलली, "तुमाले तं समजलं असन ना, बाई? मंग तुम्ही काहून नाही सांगितलं?"

आपल्या दयेनं एका पोरीची चारचौघांत अब्रू गेली, हे नलिनीबाईच्या काळजाला लागलं ते कायमचं. त्या दिवसापासून दगड बोलला की नलिनीबाई बोलते.

तर आता मुद्द्याची गोष्ट.

यंदा आंबिया बहाराची संत्री उतरली आणि लग्नाची बोलणी सुरू झाली. लोधीखेड्याकडचे रघुनाथराव म्हणजे संत्र्याच्या बगीच्याचे मालक, त्यांची बायको शकुबाई. त्यांचा मुलगा विनोद. त्याला पांढुर्ण्याच्या अपर्णाताईंची मुलगी अमिता दिलेली. अपर्णाताई शाळेत शिकवतात, बोलायला गोड, पण एक गोष्ट डोक्यात बसली की हलत नाही.

शकुबाईच्या घरी एक रीत आहे. सुनेचं डोरलं घडवताना सासूच्या गळ्यातल्या डोरल्याचा एक बारीक तुकडा कापून नव्या सोन्यात टाकतात. डोरलं म्हणजे आपल्याकडे काळ्या पोतीत ओवतात ते, लग्नाच्या बाईचं लेणं. ह्या रीतीला ते 'विरजण लावणं' म्हणतात. जुन्या दह्याचा थेंब नव्या दुधात पडावा, तसं. तुकडा कापायचा तो दोन्ही ईनबायांच्या, म्हणजे विहिणींच्या, समोर, आतल्या खोलीत नाही.

अपर्णाताईंना ही रीत भारी आवडली. "ईनबाई, मग हे काम नलिनीबाईकडेच करू," त्या म्हणाल्या. "त्यांचा दगड खोटं बोलत नाही." त्यात वाकडं काही नव्हतं, कौतुकच होतं. शकुबाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "हाव, चालते."

अशी ती मंडळी एका सकाळी दुकानात येऊन बसली. शकुबाई, रघुनाथराव, अपर्णाताई आणि अमिता. मोरेश्वरभाऊंनी चहा सांगितला. रघुनाथरावांनी खिशातून चोवीस कॅरेट सोन्याचं बिस्कीट काढून ठेवलं. शकुबाईनं पोत काढली, डोरलं सोडवलं आणि नलिनीबाईच्या हातावर दिलं.

नलिनीबाईनं डोळे मिटले. तोललं. आणि पुन्हा तोललं.

हलकं होतं. आकाराच्या मानानं फारच हलकं.

तिनं चेहरा हलू दिला नाही. डोरलं उलटं करून मागच्या बाजूनं दगडावर ओढलं. पिवळी रेघ उमटली. जरा दाबून तिथंच पुन्हा ओढलं, तर रेघ लाल. आता लाल रेघेला तेजाबाची गरज नसते, पण नलिनीबाई म्हणाली, "तेजाबाची बाटली आत आहे, आली." आणि डोरलं, दगड घेऊन ती मागच्या खोलीत गेली. खरं सांगायचं तर तिला श्वास घ्यायचा होता.

तिच्या मागोमाग हात धुवायचं निमित्त करून रघुनाथराव आले. उंच, दांडगा माणूस, पण दाराशीच अंग चोरून उभा राहिला.

"बाई, तुमाले समजलं ना?"

"समजलं. तांबं आहे."

"विनोदच्या वेळी तिचं नागपूरले ऑपरेशन झालं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "डॉक्टरनं अंगावरचं सगळं उतरवाले लावलं. डोरलं माह्या हाती आलं. त्या साली इहिरीले पाणी नव्हतं, झाडं उभी वाळून राहिली होती. मी डोरलं मोडलं आन् इहीर खोल केली. तसंच तांब्याचं करून, वरून सोन्याचं पाणी देऊन तिच्या गळ्यात घातलं. म्हटलं, एक बहार हाती आला की खरं करून देईन. बहार आला, पण तोंड नाही उघडलं. बाई, तिले काहीच मालूम नाही. ईनबाईसमोर समजलं तं ती मरून जाईन. तुम्ही फक्त 'चांगलं आहे' म्हणा. मी हात जोडून राहिलो."

खरोखर त्यांनी हात जोडले. गप्प बसली तर कलाबाई डोळ्यांपुढे उभी, आणि तुकडा कापला की लाल कड सगळ्यांना दिसणारच. बोलली तर एका बाईची मान जन्मभरासाठी खाली, तीही लेकाच्या लग्नाच्या तोंडावर. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

अशा वेळी माणूस देवाकडे पाहतो. नलिनीबाईनं डोरल्याकडे पाहिलं. भिंग डोळ्याला लावलं आणि खिडकीच्या उजेडात धरून फिरवत राहिली. मग तिचं फिरवणं थांबलं.

सोन्याचं पाणी दिलेली वस्तू रोज गळ्यात राहिली तर दोन-तीन वर्षांत कडा उघड्या पडतात. घाम लागतो, पोत घासते. ह्या डोरल्यावर घासल्याच्या खुणा होत्या, पुष्कळ होत्या, पण त्या सोन्याच्या खाली होत्या. वर पाणी कोरं, गुळगुळीत. म्हणजे झिजलं की पाणी दिलं, झिजलं की पाणी दिलं. एकदा नाही, कितीतरी वेळा.

"रघुनाथराव, हे डोरलं मधात कधी तुम्ही उजळून आणलं?"

"मी? नाही जी. तिच्या गळ्यातलं मी कशाले काढू?"

नलिनीबाईनं भिंग खाली ठेवलं. तिचा जीव भांड्यात पडला. धातू माणसासारखा नसतो. जे अंगावरून गेलं ते तो दाखवतोच.

"मी खोटं बोलणार नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही भिऊ बी नका. माह्या दगडावर भरवसा ठेवून इथवर आले ना? मंग बाहेर जाऊन गुमान बसा."

रघुनाथराव बाहेर जाऊन बसले, पण बसले कसले, फाशीच्या कैद्यासारखे बसले.

नलिनीबाई पाटावर येऊन बसली. सोन्याचं बिस्कीट ऐरणीवर ठेवलं, कोपऱ्यावर हातोडीचे दोन ठोके दिले आणि ते अमिताच्या हातात दिलं.

"वाकव पोरी, थो कोपरा."

अमितानं बोटानं दाबलं तर कोपरा पोळीच्या कडेसारखा दुमडला. "अवं माय! एवढं नरम?"

"हे चोवीस कॅरेट. ह्याचं डोरलं केलं तं दोन महिन्यांत चेपून जाईन. ह्याले उभं राहाले तांबं लागते. बावीस भाग सोनं, दोन भाग दुसरं, त्यात तांबंच जास्त. मोठमोठ्या दुकानातलं असो की माह्या, तांब्याबिगर दागिना होत नाही." तिनं दगड सगळ्यांच्या मध्ये ठेवला. "आता दगडानं काय सांगितलं ते सांगते. शकुबाई, तुमचं डोरलं तांब्याचं आहे. वरून सोन्याचं पाणी."

मोरेश्वरभाऊंचा हात चहाच्या ग्लासासकट हवेतच राहिला. अपर्णाताईंनी तोंडाला पदर लावला. नलिनीबाईकडे यायचा हट्ट आपण धरला, ह्याचा त्यांना इतका पस्तावा झाला की डोळ्यांत पाणी आलं. रघुनाथरावांची मान छातीला टेकली होती.

नलिनीबाई लगेच पुढे बोलली. "आन् तांबं निखळ आहे. जस्त नाही, शिसं नाही. शिशाचा एक कण पडला तं सोनं काचेवाणी तडकते. तुम्ही सोन्याचं डोरलं आणलं असतं ना, तरी मले ह्या सोन्यात माह्या डब्यातलं परकं तांबं टाकावंच लागलं असतं. आता नाही लागणार. विरजणाले घरचंच आहे. आता बोला, कापू का नको?"

ती शकुबाईकडे पाहत होती. सगळेच पाहत होते.

शकुबाई रडली नाही. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "कापा. मले मालूम आहे."

रघुनाथरावांनी मान वर केली. "तुले मालूम आहे?"

"दवाखान्यातून घरी आली आन् दोनेक वर्षं झाली, तं गळ्याभोवती हिरवा डाग. सोन्यानं कोणाची मान हिरवी होते जी?"

"मंग बोलली काहून नाही तू? इतके वर्षं?"

"काय बोलू?" शकुबाई त्यांच्याकडे वळली. "रोज त्याच इहिरीचं पाणी पिऊन राहिली मी. डोरलं कुठं गेलं, हे मले समजणार नाही का? तुम्ही लपवून राहिले होते. म्हटलं लपवू द्या, त्यायच्या जीवाले तेवढंच बरं वाटते. माहेरी नागपूरले गेली की पाणी देऊन आणत होती. तुमच्या नजरेत तांबं येऊ नये म्हणून."

रघुनाथराव एवढा दांडगा माणूस, पण भर दुकानात उपरण्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. त्याला कोणी गप्प केलं नाही. मोरेश्वरभाऊ तर स्वतःच डोळे पुसत होते. त्यांचं तसं काय, कोणाचंही रडू त्यांना पुरतं.

अमितानं हात पुढे केला. कोणी सांगितलं नव्हतं, पण ती शकुबाईला पहिल्यांदाच म्हणाली, "आई, मले हेच पाहिजे." आणि अपर्णाताई डोळे पुसत म्हणाल्या, "नलिनीबाई, जरा मोठा तुकडा कापा हो."

"मोठा कायले?" नलिनीबाई लगेच फिस्कारली. "पोरीचं डोरलं लाल करता का? भाजीत मीठ बी असंच टाकता? जेवढं लागते तेवढंच पडीन."

तिनं कात्रीनं डोरल्याची कड कापली. लाल तुकडा तराजूत घातला, जरासा आणखी कमी केला, सोबत चांदीचा एक कण घातला. मुशीत सोनं ठेवलं, टाकणखार भुरभुरला, आच वाढवली. सोनं आधी लाल झालं, मग खचलं, मग त्याचा रस झाला. त्यात तिनं शकुबाईच्या हातूनच तांबं टाकवलं. तुकडा क्षणभर काळा दिसला आणि विरघळून गेला. रस आरशासारखा झाला तशी तिनं तो साच्यात ओतला. लगड निवाल्यावर तिनं अमिताला दिली. "आता वाकव." अमितानं दोन्ही हातांचा जोर लावला, पण लगड वाकली नाही. नलिनीबाई हसली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच हसली.

मंडळी उठायला लागली. शकुबाईनं कापलेलं डोरलं पुन्हा पोतीत ओवलं. रघुनाथराव नाक ओढत म्हणाले, "बाई, हिच्यासाठी बी सोन्याचं घडवा. मी आजच..."

"घालीन ना," शकुबाई म्हणाली. "पण सूनबाई घरात आली की. आज हेच राहू द्या."

नलिनीबाईनं पाहिलं, कापलेल्या जागी तांब्याची लाल कड उघडी पडली होती, दुरूनही दिसत होती. तिला ते बरं वाटेना. एवढ्या गर्दीच्या बाजारातून ही बाई जाणार. "शकुबाई, दोन मिनिटं द्या. तेवढ्या कडेले पाणी मारून देते. पैसे नको."

शकुबाईनं त्या कडेवरून अंगठा फिरवला.

"आता कायले?" ती म्हणाली. "ज्यायच्यापासून लपवत होती, त्यायले समजलं ना."

तिनं डोरलं पदरावर ओढून घेतलं, रघुनाथरावांच्या हातात पिशवी दिली आणि दुकानाची पायरी उतरली.